शय्येपाशी ठेवलेली नोंद

कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिराच्या समोरील मार्गावर एक लहानसे जुने घर आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले, आणि आज ते त्यांचे स्मारक म्हणून जतन केलेले आहे. इंग्लंडातील वास्तव्यात जडलेले दुखणे घेऊन रामानुजन १९१९ साली मायदेशी परतले. त्या वर्षाच्या उत्तरार्धातील काही महिने त्यांनी कुंभकोणम येथे काढले. पुढे २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

या आजारात त्यांची शुश्रूषा त्यांच्या पत्नी जानकी यांनी केली. त्यांचे वय त्या वेळी विशीच्या आसपास होते. शुश्रूषेचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते. ठरलेल्या वेळी भात, लिंबाचा रस व ताक देणे, आणि वेदना होऊ लागल्या की गरम पाण्याने छाती व पाय शेकणे, ही त्यांची सेवा. ज्या दोन भांड्यांत त्या हे पाणी तापवीत, ती त्यांनी पुढे कित्येक दशके जपून ठेवली होती.

या हकिकतीला एक उत्तरार्ध आहे. रामानुजन यांना क्षय झाला असावा, असे त्या काळच्या अनेक वैद्यांचे मत होते. १९९४ साली डी. ए. बी. यंग यांनी या आजाराचा पुन्हा विचार केला. पूर्वी होऊन गेलेला आमांश, येऊनजाऊन असणारा ताप, अशा जुन्या पत्रांतून व आठवणींतून विखुरलेल्या खुणा त्यांनी एकत्र जुळविल्या, आणि हा आजार यकृतातील अमीबाजन्य विकार असावा, असा निष्कर्ष काढला. हा विकार त्या काळीही उपचारसाध्य होता. यंग यांचा तर्क बरोबर की चूक, हा वाद येथे करावयाचा नाही. रोग्याजवळच्या माणसांनी काय पाहिले आणि काय लिहून ठेवले, यावर निदानाचा केवढा भार असतो, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९९४ च्या एप्रिलमध्ये, जानकी यांचे मद्रास येथे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ९५ होते. तरुण रोग्याची सेवा करणारी ती मुलगी स्वतः दीर्घ वार्धक्य भोगून गेली. आज भारतातील असंख्य घरांत हेच घडत आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या देशातील सरासरी आयुर्मान २५ वर्षांहूनही कमी होते; आज ते ७० च्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली. तमिळनाडूत तर दर शंभर माणसांमागे दहाहून अधिक माणसे या वयाची होती. म्हणून वृद्ध रोग्याची पाहणी कशी करावी, हा प्रश्न आता केवळ रुग्णालयापुरता राहिलेला नाही.

वार्धक्यात रोगाच्या खुणा बदलतात

तरुण माणसाला न्यूमोनिया झाला म्हणजे ताप चढतो, खोकला येतो, छातीत दुखते. रोग जणू दारावर थाप मारून आत येतो. वृद्धाच्या बाबतीत तो पुष्कळदा मागील दाराने शिरतो. गंभीर जंतुसंसर्ग होऊनही वृद्धांपैकी पाचांत एकाला, किंबहुना त्याहूनही अधिकांना, ताप मुळीच येत नाही किंवा अगदी थोडा येतो. हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताच येऊन जातो. दिसते ती केवळ धाप किंवा गळून जाणे. मूत्रमार्गाला संसर्ग झालेली वृद्धा जळजळीची तक्रार न करता एकाएकी तोल जाऊन पडते. पोटात आतडे फुटलेले असतानाही पोट तरुणाच्या पोटाइतके ताठरत नाही.

याची कारणे शरीराच्या रचनेतच आहेत. वयाबरोबर उष्णतेचे नियमन करणारी यंत्रणा मंदावते, आणि रोगजंतूंना उत्तर देणाऱ्या पेशींचा प्रतिसाद क्षीण होतो. शरीरातील पाणी कमी झाले तरी तहान पूर्वीसारखी लागत नाही. मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती घटल्यामुळे तरुणाला मानवणारी औषधाची मात्रा वृद्धाच्या शरीरात साचून राहते. शिवाय एकाच देहात दोनतीन जुनी दुखणी एकत्र नांदत असतात, आणि एकाची खूण दुसऱ्याच्या खुणेखाली झाकली जाते.

तेव्हा ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ हे आपल्या घरांतून सर्रास ऐकू येणारे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. वार्धक्य वर्षावर्षांनी येते. जे दोन दिवसांत आले, ते वार्धक्य नव्हे. तो आजार होय.

ज्याचे त्याचे माप

अशा रोग्याची पाहणी करताना कोणते माप लावावयाचे? पाठ्यपुस्तकात दिलेले सर्वसाधारण माप येथे अपुरे पडते. त्या माणसाचे स्वतःचे, निरोगी दिवसांतील, नेहमीचे माप हेच खरे माप होय. एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल.

अशी कल्पना करा की, कुंभकोणम येथील एका घरात ७८ वर्षांच्या एक आजी राहतात. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर जी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली, त्यांपैकी त्यांचे एक घराणे. घरात तंजावरी वळणाची मराठी, दाराबाहेर तमिळ. आजी रोज पहाटे उठून अंगणात तांदळाच्या पिठाचे कोलम काढतात. एके दिवशी त्यांनी कोलम काढले नाही. दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत आणि पडून राहिल्या. ताप पाहिला तो ९९.४ अंश फॅरनहाइट. घरच्यांना वाटले, ताप असा नाहीच; विश्रांती घेतील, उद्या उठतील.

आता याच घरी एक शिकलेली परिचारिका आली असे समजू. ती पहिला प्रश्न विचारते, तो नेहमीचा ताप किती असतो हा. तिच्या मागील भेटींच्या वहीत आजींचा ताप प्रत्येक वेळी ९७.२ च्या आसपास लिहिलेला आहे. म्हणजे आज तो दोन अंशांहून अधिक चढलेला आहे. वृद्धांच्या बाबतीत नेहमीच्या मापापेक्षा दोन अंश फॅरनहाइटची वाढ ही संसर्गाची खूण समजावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. मग आकडा शंभराच्या आत का असेना. नंतर ती घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. आजी अठ्ठावीस वेळा घेत आहेत. वृद्धाचा श्वास पंचविसावर गेला म्हणजे न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास मोजणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित असे मोजमाप आहे.

मग परिचारिका आजींशी बोलू पाहते. ती तमिळमध्ये विचारते, आजी मराठीत काहीतरी पुटपुटतात आणि मध्येच थांबतात. येथे मोठी सावधगिरी हवी. मेंदू थकला म्हणजे माणूस पुष्कळदा आपल्या पहिल्या भाषेकडे वळतो. भाषा न समजल्यामुळे परिचारिकेने ‘असंबद्ध बडबड’ असे लिहिले, तर ती रोग्यावर अन्याय करील. उलट भाषेचे निमित्त सांगून प्रश्न सोडून दिला, तर खरा बिघाड निसटेल. म्हणून ती सुनेला पुढे बसविते आणि मराठीतून आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणवून घेते. आजी रविवार, शनिवार म्हणतात आणि तेथेच हरवतात. परवापर्यंत दूधवाल्याचा हिशेब तोंडी ठेवणारी ही बाई आज सात वार म्हणू शकत नाही. परिचारिका त्याच दुपारी आजींना रुग्णालयात हलविण्यास सांगते.

या पाहणीत परिचारिकेने रोगाचे नाव सांगितले नाही. ते काम डॉक्टरांचे. तिने चार बदल ओळखले आणि ते वेळेसह लिहिले. कोलम न काढणे हा त्यांपैकी पहिला बदल होता, आणि तो घरच्यांना दोन दिवस आधीच दिसला होता.

लिहिलेले तेच टिकते

पाहिलेले लिहून ठेवण्याची परंपरा या प्रदेशाला परकी नाही. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या तंजावर येथे सरफोजी राजे दुसरे यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्था चालविली होती. राजांचे निधन १८३२ साली झाले. त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांचे कागद आजही उपलब्ध आहेत. त्यांत रोग्याची हकिकत व उपचार लिहिलेले असून सोबत डोळ्याची रंगीत चित्रे काढलेली आहेत. उपचारापूर्वी डोळा कसा होता, हे चित्रावरून कळले की नंतरचा फरक कोणालाही पडताळून पाहता येतो.

शुश्रूषेच्या शास्त्रात हेच तत्त्व फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात मांडले. रोग्याचे निरीक्षण हा त्यांनी परिचारिकेच्या शिक्षणाचा गाभा मानला. ‘रोगी बरा आहे’ या विधानाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. किती झोप झाली, किती अन्न पोटात गेले, हे नेमके सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

वृद्धांच्या बाबतीत या आग्रहाचे फळ १९३५ नंतर इंग्लंडात दिसून आले. त्या वर्षी मार्जोरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे लंडननजीकच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला जोडलेल्या एका जुन्या निराधारगृहाचे सुमारे सातशे रोगी सोपविण्यात आले. त्यांतील कित्येक वृद्ध वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांना कोणता रोग आहे याची धड तपासणीही झालेली नव्हती. वॉरेन यांनी प्रत्येकाची स्वतंत्र पाहणी केली, त्यांना उठवून बसविले, चालविले. खोल्यांत उजेड आणला आणि धरावयास कठडे बसविले. अनेक जण चालू लागले, आणि काही आपल्या घरी परत गेले. ज्यांना असाध्य समजले होते, ते केवळ अपरीक्षित होते. आधुनिक जराचिकित्साशास्त्राचा पाया या पाहणीने घातला. आपल्या देशात या शास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९७८ साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी सुरू केला.

अंथरुणाचे धोके

वृद्ध रोग्याला विश्रांती द्यावी ही भावना प्रेमाची खरी, परंतु अंथरूण हे औषधाप्रमाणेच मोजून द्यावयाचे असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. एवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झिजून गेले. आजारी माणसाची झीज याहून अधिक होते. आठवडाभर पडून राहिलेले आजोबा ताप उतरल्यावरही उठू शकत नाहीत, याचे कारण पुष्कळदा ताप नसून अंथरूण असते.

दुसरा धोका शय्याव्रणांचा. माकडहाड, टाचा, खुबे यांवर शरीराचा भार पडून राहिला म्हणजे तेथील बारीक रक्तवाहिन्या दबतात, आणि त्वचेखालील मांस उपाशी पडून कुजू लागते. कोणाला हा धोका अधिक आहे हे आधीच ओळखता यावे, म्हणून डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९६२ साली एक साधे मोजमाप प्रसिद्ध केले. शरीराची सर्वसाधारण स्थिती, मनाची स्थिती, हिंडणेफिरणे, अवयव हलविण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा, या पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यावयाचे. पूर्ण गुण वीस. चौदा किंवा त्याहून कमी गुण आले की रोगी धोक्यात आहे असे समजावे. या मोजमापाला कोणतेही यंत्र लागत नाही.

धोका ओळखल्यावर करावयाचे ते असे: दर दोन तासांनी कूस बदलावी; टाचांखाली पोकळी राहील अशा रीतीने पोटऱ्यांखाली उशी द्यावी; त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवावी. लाल झालेली जागा जोराने चोळू नये, कारण दुखावलेल्या ऊती चोळण्याने अधिकच फाटतात. मध्ये भोक असलेली गोल गादीही वापरू नये. तिच्या कडेने रक्तप्रवाह अधिक अडतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘लाली’ ही पहिली खूण सांगितलेली असते. सावळ्या व काळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही. तेथे हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहावे: आसपासच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, घट्ट अथवा दुखरी लागते काय? डोळ्यांनी निसटलेली खूण हाताला सापडते.

एकाएकी आलेला भ्रम

आजींना झाली त्या अवस्थेला शास्त्रात तीव्र संभ्रम म्हणतात. तो बुद्धिभ्रंशाहून वेगळा. बुद्धिभ्रंश वर्षांच्या गतीने वाढतो. हा तासांच्या वा दिवसांच्या गतीने येतो, सकाळी कमी तर रात्री अधिक असा चढउतार दाखवितो, आणि त्यात लक्ष टिकत नाही. शॅरन इनॉय या अमेरिकी डॉक्टरांनी १९९० साली ओळखीची एक पद्धत घालून दिली. एकाएकी आरंभ व चढउतार, आणि लक्षाचा अभाव, या दोन खुणा असाव्यात. त्यांना विचारांची विसंगती किंवा जाणिवेतील बदल यांपैकी एकाची जोड असावी. म्हणजे संभ्रमाची शंका पक्की समजावी. आरडाओरड करणारा रोगी सर्वांच्या लक्षात येतो. गप्प पडून राहणारा रोगी ‘शांत’ म्हणून वाखाणला जातो; वास्तविक अधिक चिंता त्याचीच करावयास हवी.

याच संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सत्तरीच्या पुढील ८५२ रोगी होते. त्यांपैकी अर्ध्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांच्या बाबतीत साध्या गोष्टींची काळजी घेतली गेली: चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, दिवस व स्थळ यांची आठवण देणे, दिवसातून अनेकदा चालविणे, पाणी पाजणे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय देऊन पाठ चोळणे. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रोग्यांना संभ्रम झाला. दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. म्हणजे शंभरांमागे पाच माणसे केवळ चष्मा, पाणी, चालणे आणि झोप यांच्या बळावर वाचली. मात्र एकदा संभ्रम जडल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणून प्रतिबंधालाच येथे उपचाराचे मोल आहे.

घरातील पाहणी

कुंभकोणमसारख्या गावी वृद्धांची बहुतेक शुश्रूषा घरातच होते. तरुण मंडळी नोकरीनिमित्त चेन्नई, बंगळूर किंवा परदेशी गेलेली असतात, आणि पुष्कळदा एका वृद्धाची देखभाल दुसरा वृद्धच करीत असतो. शासनाने याची दखल घेतलेली आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली आरंभिला गेला. तमिळनाडूत ५ ऑगस्ट २०२१ पासून आरोग्यसेवा लोकांच्या दारी नेणारी योजना सुरू झाली असून, तिच्याद्वारे रक्तदाब व मधुमेह यांची औषधे, व्यायामोपचार आणि असाध्य रोग्यांची सेवा घरपोच मिळते. तथापि दोन भेटींच्या मधले दिवस घरच्यांनाच सांभाळावे लागतात.

त्यांनी पाहावयाचे ते असे. घराच्या ओट्याच्या पायऱ्या उंच असतात आणि न्हाणीची फरशी ओली. पडण्याचे प्रसंग तेथेच येतात. वृद्ध व्यक्ती उठून उभी राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब आधी आडवे असताना व मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजून घ्यावा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरला तर डॉक्टरांना कळवावे. वैशाखाच्या उन्हात तहान लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी पाणी, पेज किंवा ताक द्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले असेल, तर ते मोडू नये. भरविताना रोग्याला सरळ बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये, म्हणजे घास श्वासनलिकेत उतरत नाही. निरनिराळ्या डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली आणि वैद्यांची अशी सर्व औषधे एका पिशवीत घालून प्रत्येक भेटीच्या वेळी दाखवावी.

आणि या सर्वांच्या आधी एक साधी वही घालावी. तिच्या पहिल्या पानावर, माणूस बरा असतानाच, त्याचे नेहमीचे माप लिहून ठेवावे: ताप किती, नाडी किती, श्वास किती, वजन किती; किती वाजता उठतो, कोणते काम न चुकता करतो, स्नान, कपडे, शौच, उठणे, जेवण यांपैकी काय स्वतः करतो; कोणती भाषा पहिली. पुढील पानांवर फक्त बदल लिहावा, तारीख व वेळ घालून.

आजारी माणूस रुग्णालयात नेला जातो तेव्हा तेथील डॉक्टर व परिचारिका त्याला प्रथमच पाहत असतात. समोर पडलेला, न बोलणारा, विस्कटलेला वृद्ध हाच त्यांना त्याचा नेहमीचा अवतार वाटण्याचा संभव असतो. तीन दिवसांपूर्वी ही बाई अंगणात कोलम काढीत होती, हे त्यांना कोणी सांगावयाचे? ती वही सांगते. ज्या घरात ती लिहिलेली आहे, त्या घरातील वृद्धाला ‘म्हातारपण आहे’ असे म्हणून कोणी सहज परत पाठवू शकणार नाही.